३३व्या वर्षी जीएनएम: बेळगावातील एका नर्सिंग संस्थेत घालवलेली तीन वर्षे

उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात ११ वर्षे काढल्यानंतर, वयाच्या ३३व्या वर्षी, मी बेळगावातील एका खासगी संस्थेत जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या तीन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. पक्षाघात झालेल्या सासूबाईंचे अंथरुणावरचे सारे दोन वर्षे केल्यावर, हे काम आपल्याला जमते आणि ते रीतसर शिकावे, असे मनाने घेतले होते. संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे सांगितलेली उणीव एकाच संस्थेपुरती आहे, असे मला वाटत नाही.

या अभ्यासक्रमाला बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र असावा लागतो आणि वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. तेव्हा नोकरी सोडून यायचा विचार असेल, तर तो फार लांबवून चालत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारखीला पहिले वर्ष शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजीने जड गेले. शिक्षिका चांगल्या होत्या. १८ वर्षांच्या मुलींमध्ये बसलेल्या मला त्यांनी कधी अवघडू दिले नाही आणि संध्याकाळी थांबून शंका सोडवल्या, याबद्दल मी संस्थेला पूर्ण गुण देते.

प्रात्यक्षिकाच्या खोलीतील एक दिवस मी विसरणार नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस का बदलायची, हे सांगण्याऐवजी बाईंनी आम्हा प्रत्येकीला खाटेवर उताणे झोपवले आणि अर्धा तास बोटही हलवायचे नाही, अशी ताकीद दिली. विसाव्या मिनिटाला टाचा चुरचुरू लागल्या, माकडहाडाखाली आग होऊ लागली आणि सासूबाई रात्री का कण्हत असत, ते मला तेव्हा कळले. बेडसोअरवरचे, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांवरचे, पुस्तकातील प्रकरण मी नंतर वाचले, पण शिकले ते त्या खाटेवरच.

वॉर्डातील पोस्टिंग भाषेच्या दृष्टीनेही मोठी शाळा ठरली. खानापूर आणि चंदगडकडचे रुग्ण मराठीत बोलतात, बैलहोंगल आणि गोकाकचे कन्नडमध्ये, आणि तेही पुस्तकी नव्हे. आम्हाला ‘नोवु’ म्हणजे दुखणे, एवढे शिकवले होते. म्हातारी माणसे मात्र ‘ब्यानि’ म्हणत. ‘तलि ब्यानि’ म्हणजे डोकेदुखी, हे मला शेजारच्या खाटेवरच्या आजींनी शिकवले. सीमाभागातील नर्सिंगच्या अभ्यासक्रमात दोन्ही बोलींचे महिनाभराचे शिक्षण असायला हवे, कारण दुखणे कुठे आहे हे नीट विचारता येणे हा उपचाराचाच भाग आहे.

आता तक्रारीकडे येते. दुसऱ्या वर्षी सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला ३४ रुग्णांमागे एक स्टाफ नर्स आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी असू. एका रात्री आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या इनटेक-आउटपुट चार्टवर, म्हणजे पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाच्या तक्त्यावर, चार तासांच्या लघवीची नोंदच नव्हती. ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाल्यास डॉक्टरांना कळवायचे असते आणि येथे तर लघवीच्या पिशवीत तळाला जेमतेम थोडी होती. अंदाजाने आकडे भरून टाक, असे पाळीवरच्या सिस्टरनी मला सांगितले. ११ वर्षे रोजकीर्द लिहिलेल्या हाताला ते जमले नाही. मी रकाने कोरेच ठेवले, पिशवीतील माप तेवढे लिहिले आणि डॉक्टरांना उठवले. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वळलेला निघाला, तो सरळ करताच लघवी मोकळी झाली. त्या सिस्टरना मी दोष देत नाही, कारण एकटीने ३४ जणांचे पाहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. दोष आहे तो फी भरून शिकायला आलेल्या मुलींना मनुष्यबळ समजून पाळीच्या तक्त्यात बसवणाऱ्या व्यवस्थेचा.

आरोग्य सुधारणेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा उपचार योजनेच्या कार्डापाशी थांबते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातील, पण महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचे ठरवले, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली आणि त्यावर बरेच राजकारण झाले. गरिबाला कार्ड हवेच. कार्डाअभावी शेत गहाण टाकलेली घरे मी पाहिली आहेत. पण योजनेतून रुग्णालयाला मिळणाऱ्या पॅकेजचा दर शस्त्रक्रियेवर ठरतो, आणि रात्री त्या रुग्णामागे किती परिचारिका होत्या यावर तो बदलत नाही. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ते कागदावरून वॉर्डात यावे, विद्यार्थिनींना त्या मोजणीतून वगळावे आणि मगच रुग्णालयाला योजनेचे पैसे मिळावेत, असे माझे ठाम मत आहे.

पगाराचाही विचार प्रवेशापूर्वी करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. मला पहिल्या नोकरीत त्याहून कमी मिळाले, फाउंड्रीतील पगारापेक्षाही कमी. घरात दुसरी मिळकत नसती, तर मी टिकले नसते. परिचारिका म्हणून आपली नोंदणी कर्नाटकच्या परिचर्या परिषदेकडे होते. पुढे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला नोकरी करायची असल्यास महाराष्ट्राच्या परिषदेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. प्रवेशाच्या वेळी आम्हाला हे कोणीही सांगितले नव्हते.

शिकवण्याला मी पाचपैकी चार गुण देते आणि वॉर्डातील व्यवस्थेला दोन. फीचा तक्ता लेखी मागावा, गणवेश, परीक्षा आणि फाइल यांचे पैसे त्यात धरले आहेत का, ते पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात कोणी ओळखीचे दाखल असेल, तर एक रात्र त्यांच्या सोबतीला राहावे आणि त्या वॉर्डात खाटा किती, सिस्टर किती आणि विद्यार्थिनी किती, ते स्वतः मोजूनच फॉर्म भरावा.