प्रथम वर्षाला शिकवायचं की सीनिअरच्या चेंबरला जायचं?

एलएलएम (कायद्यातलं पदव्युत्तर शिक्षण) संपत आलं की नागपुरात बहुतेकांसमोर हे दोन रस्ते असतात. एखाद्या लॉ कॉलेजात प्रथम वर्षासाठी टीचिंग असिस्टंट म्हणून लागायचं, नाहीतर सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या सीनिअर वकिलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑफिसात, ज्युनिअर व्हायचं. मी आधी एक वर्ष पहिलं केलं, आता दुसरं करते आहे.

कॉलेजात मुख्य लेक्चर प्राध्यापकांचं. आपल्याकडे ट्यूटोरिअल, असाइनमेंट तपासणं, हजेरी, मूट कोर्टाचे (सरावाच्या खटल्यांचे) मसुदे, आणि तास संपल्यावर दाराशी घुटमळणारी मुलं. माझ्या मते खरं काम या शेवटच्यांचंच. गोंदिया, गडचिरोलीकडून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलासमोर पहिल्याच आठवड्यात इंग्रजी निकालपत्र पडतं. तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्याला काही येत नाही असं धरून वर्ग पुढे जातो.

करार कायद्यात 1913 चा लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा खटला शिकवतात. मालकाचा पुतण्या हरवतो, मुनीम त्याला शोधायला निघतो, मागाहून 501 रुपयांचं बक्षीस जाहीर होतं. मुनिमाला ते ठाऊक नसतं. तो मुलाला शोधून काढतो, नंतर बक्षीस मागतो आणि दावा हरतो. मी हे सांगून संपवलं तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, पोरगं तं त्यानंच शोधलं नं? मंग पैसे काहून नाही?" परीक्षेत मी याचं उत्तर अनेकदा लिहिलं होतं, पण प्रश्न म्हणून तो मला कधी पडलाच नव्हता. प्रस्तावच माहीत नसेल तर स्वीकार कशाचा करणार, हे त्याला पटेपर्यंत समजावताना ते मलाही पहिल्यांदा पक्कं कळलं. मग आम्ही नेमच केला: प्रत्येक खटला आधी मराठीत चार ओळींत मांडायचा. घडलं काय, वाद कशाचा, निकाल काय, आणि का. इंग्रजी त्यानंतर. दिवाळीपर्यंत तो मुलगा स्वतः हात वर करायला लागला. असं समाधान चेंबरमध्ये मला अजून मिळालेलं नाही.

चेंबरमधलं शिक्षण वेगळ्या जातीचं आहे. पहिल्या महिन्यात सीनिअरनी एका निकालाची सर्टिफाइड कॉपी (कोर्टाने दिलेली अधिकृत नक्कल) हातात दिली आणि विचारलं, "अपिलाची मुदत कधी संपते?" मी निकालाच्या तारखेपासून 30 दिवस मोजले. त्यांनी कॉपी उलटी केली. मागच्या शिक्क्यात अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा होत्या. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीत धरत नाहीत, हे मुदत कायद्याचं कलम 12. ते मला तोंडपाठ होतं, पण तो शिक्का मी कधी पाहिलेला नव्हता.

भाषेचं पारडंही इथे उलटतं. हायकोर्टात इंग्रजी, पण जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी. फेरफार, वहिवाट, सातबारा हे शब्द मला कष्टाने शिकावे लागले. वर्गात गप्प बसणाऱ्या त्या मुलांना ते घरातूनच येतात.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे फार आशा ठेवू नका. मला कॉलेजात एकदा तीन महिन्यांचं मानधन एकदम मिळालं, तोवर घरून पैसे घ्यावे लागले. ज्युनिअरना शहरात किमान 20 हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने 2024 मध्ये सुचवलं आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. सीनिअरशी हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या, त्यात संकोच कसला?

सगळ्यात जास्त विचार पुढच्या वाटेचा करा. प्राध्यापकच व्हायचं असेल तर टीचिंग असिस्टंटचं वर्ष छान जातं. शिकवता शिकवता नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास होतो, ती परीक्षा वर्षातून दोनदा असते. जेएमएफसी, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा, द्यायची असेल तर मात्र जपून. 20 मे 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम त्यात धरतात; कॉलेजातल्या ट्यूटोरिअलना तिथे जागा नाही. जाहिरातीतली अट शब्द न् शब्द वाचा.

दोन्हीही जमतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि सनद (वकिलीचा परवाना) एकत्र चालत नाही, पण 1979 च्या नियमांनुसार वकील दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो. सकाळचं कॉलेज आणि मग कोर्ट, असं बसवता आलं तर मी तेच घ्या म्हणेन. नागपूरच्या मे महिन्यात ही धावपळ अंगावर येते, तरीही.

कॉलेजची नेमणूक हातात आली की तीन गोष्टी लेखी मागा: पद नेमकं कोणतं, मानधन महिन्याचं की तासिका तत्त्वावर, आणि वर्षअखेर अनुभव प्रमाणपत्र मिळणार का. मी तिसरी विचारली नव्हती. त्या एका कागदासाठी मला चार खेपा घालाव्या लागल्या.