दहा मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि एलएमव्ही७२१९

रबाळे एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात सध्या बॅटरीवर चालणाऱ्या एका मापनयंत्राचे काम सुरू आहे. त्याला कोॲक्स केबलमधून १० मेगाहर्ट्झचा साइन लहरीच्या रूपातील क्लॉक, म्हणजे कामाचा ठेका देणारा सिग्नल, मिळतो. मात्र यंत्रापर्यंत पोहोचताना त्याची शिखर-उंची जेमतेम ५० मिलिव्होल्ट उरते आणि त्यातून मायक्रोकंट्रोलरला पचेल असा स्वच्छ चौकोनी क्लॉक पुन्हा घडवावा लागतो.

हे काम कंपॅरेटरचे, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करून आउटपुट वर किंवा खाली नेणाऱ्या चिपचे. पहिला मोह टीएलव्ही३२०१ या कंपॅरेटरचा झाला, कारण तो केवळ ४० मायक्रोअँपिअर घेतो. पण इनपुट बदलल्यापासून आउटपुट बदलेपर्यंतचा त्याचा विलंबही ४० नॅनोसेकंद आहे आणि १० मेगाहर्ट्झचे अर्धे आवर्तन ५० नॅनोसेकंदांतच संपते, तेव्हा हाताशी काहीच उरत नाही. टीएलव्ही३५०१चे ४.५ नॅनोसेकंद हवेहवेसे वाटतात, परंतु त्यासाठी स्थिर स्थितीतच ३.२ मिलिअँपिअर मोजावे लागतात. या दोहोंच्या मध्ये बसतो तो मूळचा नॅशनल सेमीकंडक्टरचा आणि २०११ पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आलेला एलएमव्ही७२१९: विलंब ७ नॅनोसेकंद, प्रवाह १.१ मिलिअँपिअर. हे आकडे ५ व्होल्टचे आहेत. पुरवठ्याचे व्होल्टेज किंवा ओव्हरड्राइव्ह (इनपुट उंबरठ्याच्या किती पलीकडे जाते ते) घटला की विलंब वाढतो, हे डेटाशीटच्या पहिल्या पानावर समाधान मानणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

१.१ मिलिअँपिअर हा आकडाही आउटपुट स्वस्थ असतानाचा आहे. आउटपुटवर १५ पिकोफॅरडचा भार असेल, तर ५ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झने तो भरण्या-रिकामा करण्यातच पाऊण मिलिअँपिअर खर्च होतो. आमचा प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त का येतो म्हणून मी अर्धा दिवस चिपला दोष देत बसलो होतो. स्कोपचा प्रोबही असाच भार टाकतो; तो आउटपुटवरून काढला आणि मीटरवरचा आकडा तिथल्या तिथे खाली आला.

आतच दिलेल्या सुमारे ७.५ मिलिव्होल्टच्या हिस्टेरेसिसमुळे, म्हणजे चढता-उतरता उंबरठा वेगळा ठेवल्यामुळे, शून्याजवळचा थरथराट थांबतो. आमच्या लहरीचा शून्याजवळील चढ मायक्रोसेकंदाला सुमारे ३.१ व्होल्ट असल्याने या हिस्टेरेसिसच्या निम्म्या रुंदीमुळे कड साधारण १.२ नॅनोसेकंद मागे सरकते. सिग्नलची उंची स्थिर असेल तर त्याचे काही बिघडत नाही, पण ती कमी-जास्त होत असेल तर कडही तितकीच हलते. त्याच चढावर इनपुटमध्ये १ मिलिव्होल्टचा गोंगाट मिसळला, तर जिटर, म्हणजे कडेच्या वेळेतली थरथर, सुमारे ३२० पिकोसेकंद होतो, आणि तो कोणताही कंपॅरेटर पुसून टाकू शकत नाही. त्यासाठी आधी अरुंद फिल्टर हवा, किंवा नंतर पीएलएल, म्हणजे येणाऱ्या क्लॉकशी स्वतःचा ऑसिलेटर जुळवून घेणारे सर्किट. ज्यांचा क्लॉक डेटामध्येच गुंफलेला आहे, त्यांना तर पीएलएलवाचून गत्यंतर नाही.

पहिल्या बोर्डावर पुरवठा स्थिर ठेवणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पुरवठ्याच्या पिनपासून दोन सेंटिमीटर दूर बसला होता, आणि प्रत्येक कडेच्या डोक्यावर स्कोपवर शेपटासारखी लहर उमटत होती. ही चूक माझीच. १.३ नॅनोसेकंदांत उठणाऱ्या आउटपुटला एवढे अंतर सोसत नाही. कपॅसिटर पिनला चिकटवून सोल्डर केल्यावर लहर जवळपास नाहीशी झाली.

दहा मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, बॅटरीवरच्या कामासाठी मी हाच भाग निवडेन. हाताने सोल्डर करणाऱ्यांनी मात्र चिपच्या इवल्याशा एससी-७० आवेष्टनाऐवजी थोडे मोठे एसओटी-२३ आवेष्टन मागवावे. भिंगाखालीसुद्धा एससी-७०च्या पायांमध्ये सोल्डरचा पूल व्हायला क्षणही लागत नाही.