येऊर, खाडी की कर्नाळा?

ठाण्याच्या आसपास पक्षी-जंगल बघायला कुठे जावं? घरात लहान मूल, आजोबांचे गुडघे आणि सुट्टीची एकच सकाळ, असं असेल तर माझं मत सरळ आहे: खाडीतले फ्लेमिंगो दाखवणारी ऐरोलीची बोट. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. वनविभागाच्या केंद्रातून बोट सुटते, पण तिची वेळ भरती-ओहोटी ठरवते. म्हणून आधी वेळ विचारा, मग पोह्यांचा बेत करा. थंडी सरताना गर्दी दोन्हींची असते, पक्ष्यांची आणि माणसांची.

बोटीत एखादा तरी ‘अजून जवळ घ्या ना’ म्हणतोच. जवळ गेलं की थवा उडतो, फोटो झकास येतो. पण पक्षी इथे चिखलातलं शेवाळ खाऊन परतीच्या प्रवासाची शिदोरी बांधत असतात, आणि दर उड्डाणाला ती थोडी खर्च होते. बसलेल्या थव्याचा फोटो मला तरी जास्त आवडतो.

पैसे वाचवायचे असतील तर नेरुळची पाणथळ. भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिकडे सरकतात. बांधावरून निवांत दिसतात, तिकीट नाही. पण तुम्हाला अडवणारंही कुणी नाही, हीच तिथली गोची. मोकळा सोडलेला एक पाळीव कुत्रा सगळ्यांची सकाळ घालवतो. ड्रोन तर घरीच ठेवा.

ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांनी येऊर. ठाणे स्टेशनवरून बस आहे, पण हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, आपली बाग नव्हे. आत वस्तीला आदिवासी पाडे आहेत आणि बिबटेही. लोक बिबट्याला घाबरतात आणि उरलेली बिर्याणी झुडपात टाकून येतात. त्या खरकट्यावर भटकी कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि रात्री वाट चालायची असते ती पाड्यातल्या माणसाला. सकाळी जा, अंधाराआधी उतरा, माकडांना काही देऊ नका. वाढदिवसाला स्पीकर लावायचा असेल तर हॉल घ्या.

कर्नाळा पनवेलच्या पुढे, गोवा महामार्गाला लागून. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य, जेमतेम बारा चौरस किलोमीटर. जमिनीवरचे पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर येऊरपेक्षा मी हेच सुचवेन, कारण वाटा आखलेल्या आहेत. मात्र पक्षी दिसेपर्यंत गप्प उभं राहायची तयारी हवी. मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. किल्ल्याचा चढ दमवतो आणि वरच्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात. त्या दिवशी अत्तर नको, आरडाओरडा नको आणि वर गेल्यावर सिगारेट तर मुळीच नको.