छोट्या गटातला शोकविधी : बरेच महिने गेल्यावर माझं मत

बहिणीच्या अंत्यविधीला मी पोचू शकले नव्हते. वर्ष उलटलं तरी मन ते मान्य करत नव्हतं, म्हणून या गटात जायला लागले. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सात-आठ माणसं वर्तुळात बसतात आणि ठरावीक क्रमाने एक विधी करतात. मंत्र नाहीत, गुरू नाही, कोणत्याही धर्माशी संबंध नाही. याचा उपयोग होतो, हे मी आता खात्रीने सांगते. मात्र बहुतेक जण मन मोकळं करायला येतात, आणि मला खरा आधार मिळाला तो विधी ज्या पद्धतीने संपवतात त्याचा.

फोन बाहेर ठेवायचे. मधोमध दिवा. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरतो आणि ज्याच्या हातात तो असेल त्यानेच बोलायचं. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी समाजांत अशी काठी किंवा पीस फिरवून बोलण्याची परंपरा आहे. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, पाठीवर हात ठेवायचा नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणायचं नाही. बोलून झालं की सगळे फक्त ‘ऐकलं’ म्हणतात. बोलायचं नसेल तर दगड जरा वेळ धरून पुढे द्यायचा.

पहिल्यांदा हे फार कोरडं वाटतं. पण दुःखात असलेल्या माणसाला एक काम कायम करावं लागतं : धीर द्यायला आलेल्यांना बरं वाटेल असं वागायचं. मान डोलवायची, ‘आता ठीक आहे’ म्हणायचं. इथे ते ओझं उतरतं. बहिणीवरचा माझा राग मी पहिल्यांदा इथेच उच्चारला, आणि तो खोडून काढायला कुणी पुढे आलं नाही.

आता शेवटाबद्दल. आज इथे काय ठेवून जातोय ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. मग पाण्याच्या भांड्यात हात बुडवायचे. एकेकाचं नाव घेतलं जातं आणि त्याने ‘आहे’ म्हणायचं. दिवा मालवायचा आणि सगळ्यांनी एकदम उठून वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचं. यातला एकही टप्पा गाळत नाहीत. आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ साली संक्रमणविधींचे, म्हणजे आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत जाताना होणाऱ्या विधींचे, तीन टप्पे मांडले : आधीच्या आयुष्यापासून तुटणं, मधली अधांतरी अवस्था आणि पुन्हा माणसांत सामावलं जाणं. माझ्या बाबतीत पहिला टप्पाच हुकला होता, त्यामुळे तिसरा येतच नव्हता. इथे दर आठवड्याला मी तिन्ही टप्प्यांतून जाते. हळूहळू कधीही, कुठेही उसळणारं रडू त्या ठरलेल्या वाराची वाट बघायला लागलं. ते थांबलेलं नाही. पण आता दिवसभराची कामं होतात.

मधल्या काही बैठकांत गेलेल्या माणसाला पत्र लिहून ते मोठ्याने वाचायचं असतं. हा भाग जड आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पत्राच्या रात्री झोप लागत नाही हे मीही अनुभवलंय. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका.

गट बंदिस्त असावा, म्हणजे तीच माणसं शेवटपर्यंत. आमच्याकडे मध्येच दोघं नवीन आली आणि पुढचे कित्येक आठवडे सगळे वरवरचंच बोलत राहिले. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरीके गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. तिथे संशोधकांनी हृदयाचे ठोके मोजले आणि ते निष्कर्ष २०११मध्ये प्रसिद्ध झाले. चालणाऱ्याशी बघणाऱ्या आप्त-मित्रांच्या ठोक्यांची लय जुळत होती, परक्या प्रेक्षकांची नाही. नुसतं एका जागी बसून भागत नाही, एकमेकांशी नातं असावं लागतं. ते जुळायला आमच्या गटाला खूप वेळ लागला.

याआधी मी दुसरीकडे एक दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथे प्रत्येकाला रडवणं म्हणजेच उपचार मानत होते आणि मग तसंच घरी पाठवत होते. तसल्या शिबिरात मी कुणालाही जाऊ देणार नाही. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीवर बरेच अभ्यास झाले आहेत. तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काही अभ्यासांत तर तो वाढलेला दिसला. तेव्हा घाव अगदी ताजा असेल तर थांबा. जीव नकोसा वाटत असेल तर गट नको, आधी डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणारा तीव्र शोक स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे. त्याचं निदान आणि उपचार तज्ज्ञांनीच करायचे असतात. माझं समुपदेशन अजून चालूच आहे आणि गटात जाते हे मी तिथे सांगितलं आहे.

नाव नोंदवण्याआधी गट चालवणाऱ्या व्यक्तीला एक प्रश्न जरूर विचारा : बैठक संपायची वेळ झाली आणि कुणाचं रडू थांबत नसेल, तर तुम्ही काय करता? आमचा गट चालवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या की दिवा मालवायचा नाही, सगळ्यांनी थांबायचं, आणि त्या व्यक्तीला घरापर्यंत कोण सोडणार हे आधीच ठरलेलं असतं. उत्तर इतकं स्पष्ट मिळालं नाही तर तो गट घेऊ नका.