प्राणिशास्त्राच्या पदवीवर नेटची तयारी : पुण्यातील एका शनिवार-रविवार वर्गाचा अनुभव

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर प्राध्यापकी किंवा संशोधन यांपैकी कोणतीही वाट धरायची, तर बहुतेक जण सीएसआयआर-नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि संशोधनाची पाठ्यवृत्ती ठरवणारी राष्ट्रीय परीक्षा, जीवविज्ञान विषयात देतात. म्हणून मी पुण्यातील एका खासगी वर्गात दहा महिन्यांसाठी नाव घातले आणि दर शनिवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून जाऊ लागले. खाली काही तक्रारीही आहेत, त्यामुळे वर्गाचे नाव देत नाही. पण अशाच पद्धतीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात, तेव्हा हा अनुभव इतरांच्याही उपयोगी पडावा.

या वर्गाचे खरे बळ परीक्षेच्या रचनेची तेथील शिक्षकांना असलेली जाण हे आहे. तीन तास आणि 200 गुणांच्या या परीक्षेत 'अ' भागातील 20 पैकी 15, 'ब' भागातील 50 पैकी 35 आणि 'क' भागातील 75 पैकी फक्त 25 प्रश्न सोडवायचे असतात. 'क' भागातील प्रत्येक प्रश्नाला 4 गुण असल्यामुळे निम्मे गुण तेथेच आहेत, आणि चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. अभ्यासक्रमाच्या 13 घटकांपैकी प्राणी-शरीरक्रिया, विकासजीवशास्त्र, जैवविविधता, परिस्थितिकी आणि उत्क्रांती व वर्तन हे घटक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरचे असतात. जैवरसायन आणि रेण्वीय जीवशास्त्र येथे मात्र बायोटेक्नॉलॉजीची मुले आपल्या पुढे असतात. सरांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची पदवी विचारून त्याने कोणते घटक मुळापासून करावेत आणि कोणते सोडावेत याचा स्वतंत्र तक्ता करून दिला. माझ्या तक्त्यात वनस्पती-शरीरक्रियेवर काट मारलेली होती.

शरीरक्रियेचे तास तर आजही डोळ्यांसमोर आहेत. ऑक्सिजनच्या कोणत्या दाबाला रक्तातील हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरते हे दाखवणारा इंग्रजी 'एस'सारखा वक्र आम्ही पदवीला पाठ केला होता, पण सरांनी तो प्रत्येकाला आलेखकागदावर हाताने काढायला लावला आणि मग विचारले, की भिगवणला हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबाचा (बार-हेडेड गूज) वक्र कोणत्या बाजूला सरकलेला असेल? बहुतेकांनी उजवीकडे म्हटले. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो, तेथे हवा विरळ असते, म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनला कमी दाबातही ऑक्सिजन पकडून ठेवावा लागतो आणि वक्र डावीकडे सरकतो, हे त्यांनी आमच्याच तोंडून काढून घेतले. आम्लता वाढल्यावर वक्र उजवीकडे का जातो, म्हणजेच बोर परिणाम, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही. 'क' भागातील प्रश्न असेच असतात, आणि असे शिकवणारा माणूस फीपेक्षा मोलाचा असतो असे मी मनापासून म्हणते.

याच्या उलट जैवरसायनाचा घटक दहा महिन्यांत तीन शिक्षकांकडून तुकड्यातुकड्यांनी शिकवला गेला. जेथे आम्हाला सर्वांत जास्त आधाराची गरज होती, तेथेच वर्ग उणा पडला. सराव परीक्षांचे निकाल वेळेवर लागत, परंतु हाती फक्त उत्तरांची यादी येई. एखादा पर्याय का चुकला हे कळण्यासाठी सरांना गाठावे लागे आणि शेवटच्या एसटीमुळे मला ते क्वचितच जमे. प्रवेशाच्या वेळी कार्यालयात मिळालेले 'पहिल्याच प्रयत्नात जेआरएफ' हे आश्वासनही कोणी देऊ नये असे वाटते. मला सहायक प्राध्यापक पदाची पात्रता मिळाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपयांची पाठ्यवृत्ती, हुकली.

सर्वांत मोठी उणीव मला सेटच्या वेळी कळली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते त्या सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेत जीवविज्ञानाच्या पेपरला 100 प्रश्न असतात, ते सगळे सोडवायचे असतात आणि उणे गुण नसतात. नेटसाठी उपयोगी पडलेली काट तेथे अंगावर आली. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील प्रश्न समोर होते आणि माझी वही त्या पानांवर कोरी होती. वर्गातील आम्ही बहुतेक जण दोन्ही परीक्षांचे अर्ज भरणार आहोत हे शिक्षकांना ठाऊक होते, तरी दोन्हींची आखणी वेगळी हवी असे कोणी सांगितले नाही. प्राणिशास्त्राची पदवी भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही चालते आणि तेथे प्राणिशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, याचा उल्लेखही दहा महिन्यांत झाला नाही.

ज्यांना फक्त नेट द्यायची आहे आणि जैवरसायन स्वतः पुस्तकावरून करण्याची तयारी आहे, त्यांनी हा किंवा असा वर्ग अवश्य लावावा. सेटही देणाऱ्यांनी वनस्पतींचा घटक वर्गाबाहेर, पहिल्या महिन्यापासून हाती घ्यावा. मी तो आता अकरावीच्या पुस्तकापासून करते आहे. पैसे भरण्यापूर्वी एक रविवार मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती करावी, आणि शक्यतो तो तास जैवरसायनाचा निवडावा.