टॉरिनची पावडर: सात महिन्यांनंतर

आमचा बोका रतलामी शेवेसारखा नारिंगी, म्हणून नाव रतलामी. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्यामुळे हा पठ्ठ्या दीड वर्ष दूध-पोळी आणि दहीभातावर वाढला. केस राठ झाले, उड्या कमी झाल्या. डॉक्टरांनी जेवणाची हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, सोवळं तुमचं. त्याला कशाला?"

टॉरिन हे अमिनो आम्ल माणसाचं शरीर स्वतः तयार करतं. मांजराला ते पुरेसं जमत नाही. वर पित्तातून ते रोज खर्ची पडतं. वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय फुगतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी हे हृदयाचं कोडं सोडवलं. गंमत म्हणजे ती मांजरं विकतचंच खाणं खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं.

रतलामीचे डोळे आणि हृदय सुदैवाने ठीक निघाले. मी घाबरून मांस असलेलं विकतचं कोरडं खाद्य आणलं, शिवाय टॉरिनची पावडरही. पावडरीला वास नाही, ओल्या खाण्यात सहज मिसळते. कोरड्या दाण्यांवर मात्र ती टिकत नाही, सगळी वाटीच्या तळाशी. तीन महिन्यांत केस मऊ झाले आणि मी भेटेल त्याला पावडरीचं कौतुक सांगत सुटले. मग एकदा खाद्याच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं. टॉरिन त्यात आधीपासून होतंच. चौथ्या महिन्यात पावडर बंद केली, काही फरक पडला नाही. केस सुधारले ते पोटात मांस जायला लागलं म्हणून.

पाकिटावर ठळक छापलेलं 'अँटिऑक्सिडंट' म्हणजे मुख्यतः ई जीवनसत्त्व. ते मांजराला लागतंच, पण खाद्यातली चरबी खवट होऊ नये म्हणूनही घालतात. आमच्या तीन किलोच्या पिशवीची झिप महिन्याभरात गेली. मे महिन्यात दाण्यांना भज्यांच्या जुन्या तेलाचा वास यायला लागला. रतलामीने हुंगलं आणि पंजाने फरशी उकरून ते 'पुरून' टाकलं. तक्रारीला उत्तर नाही. आता एक किलोचीच पिशवी आणते, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते.

कांदा-लसणापुढे मात्र कुठलंच अँटिऑक्सिडंट पुरं पडत नाही. मांजराच्या हिमोग्लोबिनला ऑक्सिडीकरण फार लवकर बाधतं, तांबड्या पेशी फुटतात. कांद्याची कचोरी भरवू नका, असं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात आम्हीही सोडतोच की. त्याचा बारमाही समज."

पावडरीचा डबा अजून अर्धा भरलेला आहे. चिकन उकडून पाणी फेकलं की बरंचसं टॉरिन त्या पाण्याबरोबर जातं. तेव्हा इंदुरात कुणी घरी शिजवून मांजराला घालत असेल, तर डॉक्टरांना विचारून डबा खुशाल घेऊन जावा.