केळीच्या बागेतले भरीत आणि हॉलमधला टीव्ही

जळगावहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, केळीच्या बागांना लागून असलेल्या एका भरीत-पुरीच्या ठिकाणी या हिवाळ्यात आम्ही दोनदा जेवून आलो. पहिल्या खेपेचे जेवण घरातले सगळे अजून आठवून आठवून बोलतात. दुसऱ्या खेपेला मात्र मी अर्धे ताट तसेच ठेवून उठलो, आणि अन्न टाकण्याची सवय नसलेल्या माणसाला ते फार लागते. वांगी त्याच शिवारातली होती, चूल तीच होती, करणाऱ्या मावशीही त्याच होत्या. असे असताना चवीत एवढे अंतर का पडावे, याचा विचार करताना जे ध्यानात आले ते सविस्तर लिहितो आहे. ठिकाणाचे नाव घेत नाही, कारण तक्रार एका रविवारची आहे आणि तेवढ्यावरून कोणाच्या पोटापाण्याच्या धंद्याला बट्टा लागू नये.

पहिल्यांदा गेलो तो चंपाषष्ठीनंतरचा मंगळवार होता. आमच्याकडे आई चातुर्मासात वांगे खात नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच घरात वांगे शिजते, आणि मग थंडी सरेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात भरीत पार्टी चालूच असते. यंदा नात्यातल्या कोणाच्याच शेतात वांगी नव्हती, म्हणून आई, पत्नी, सहा वर्षांची पुतणी आणि मी असे चौघे येथे गेलो. पोहोचलो तेव्हा वीज गेली होती. हॉलमध्ये अंधार होता, म्हणून मालक आईला म्हणाले, "मावशी, तुम्ही बाहेरच बसा, चुलीजवळ ऊबही राहील." त्यांनी शेडमध्ये बाज टाकून दिली आणि पुढचा पाऊण तास आम्ही चौघे वांगी भाजताना पाहत बसलो.

चूल म्हणायची ती विटा रचून केलेली लांबट भट्टी होती. तिच्यात तुरीच्या काड्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जळत होत्या. वाळलेल्या काड्यांचा जाळ भडकतो आणि लगेच ओसरतो, त्यामुळे वांग्याची साल झटकन करपते, आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि धुराचा वास त्यात उतरतो. गॅसच्या शेगडीवर कितीही निगुतीने भाजले तरी हा वास येत नाही. मावशींनी प्रत्येक वांग्याला तेलाचा हात लावला, जाळात फुटू नये म्हणून सुरीच्या टोकाने दोन-तीन टोचे मारले, आणि देठ धरून एकेक वांगे जाळावर मांडले. पाच मिनिटे होत नाहीत तोच पुतणीने "झालं का?" म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी एका वांग्याला देठाजवळ बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "जराखं थांब माय, वांगं कच्चं शे." देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तो मऊ लागला तरच वांगे उतरवायचे, हे आईने मग तिला समजावून सांगितले.

भाजलेली वांगी परातीत थोडी निवल्यावर मावशी बोटे पाण्यात बुडवून साल वरून खाली ओढून काढू लागल्या. साल काढली की प्रत्येक वांगे त्या मधोमध उकलून आतून नीट पाहत, कारण बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या वांग्यातही अळी असू शकते. आमच्यासमोर त्यांनी एक वांगे असे पाहून बाजूला टाकले. भाजण्यात गेलेला वेळ आणि वांग्याचे पैसे सोडून देऊन गिऱ्हाइकासाठी दुसरे वांगे जाळावर चढवणाऱ्या हातांवर माझा तेव्हाच विश्वास बसला.

सोललेला गर त्यांनी बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, घातला आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसूण टाकून मुसळीने ठेचला. बडगीत ठेचलेल्या भरिताला धागा राहतो. घास तोंडात घेतला की गर लांबट तंतूंनी सुटत जातो आणि मधूनच एखादा मऊ तुकडा जिभेला लागतो. मिक्सरमध्ये तोच धागा तुटतो, बिया भरडल्या जातात आणि भरिताचे पिठले होते. फोडणीही आपल्या पद्धतीची होती: भरपूर तेल, त्यात खरपूस तळलेले शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप, आणि उतरवताना वरून बारीक चिरलेली कांद्याची पात व कोथिंबीर. हळद, तिखट, टोमॅटो यांपैकी काहीही नव्हते, आणि ते नसलेच पाहिजे. भरिताचे आपले वांगे फिकट हिरवे, अंगावर पांढरट रेषा असलेले, पातळ सालीचे, कमी बियांचे आणि चवीला गोडसर असते. यावल तालुक्यातले बामणोद आणि जळगावजवळचे असोदे ही गावे त्यासाठी नावाजलेली आहेत, आणि २०१६ साली जळगावच्या केळीबरोबर या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. असे वांगे हाताशी असताना त्याची चव मसाल्याखाली झाकून टाकणे मला पटत नाही.

सोबत कळण्याच्या पुऱ्या होत्या. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून, मीठ घालून केलेल्या कळण्याचा रंग काळपट दिसतो, त्यामुळे नवीन माणूस थोडा बिचकतो. पण भरिताचा गोडवा आणि उडदाचा खमंगपणा एका घासात आला की दुसरी पुरी मागावी लागत नाही, हात आपोआप तिच्याकडे जातो. पुऱ्या जाडसर लाटलेल्या, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ होत्या. मिरचीचा ठेचा, कांदा, मुळा आणि ताक एवढेच बाकीचे ताट होते आणि त्यात काही कमी वाटले नाही.

त्या पाऊण तासात आईने जे सांगितले ते मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते. तिच्या लहानपणी गावात बडगी दोन-तीन घरांतच असायची आणि भरिताच्या दिवशी ती मागून आणण्यासाठी मुलांना पिटाळले जायचे. ज्याच्या घरची बडगी त्याच्या घरी भरिताची वाटी पोहोचल्याशिवाय इकडे पहिला घास घेतला जात नसे. तिचे वडील, आमचे नाना, रात्री पिकाला पाणी भरायला जात तेव्हा शेकोटीत दोन वांगी खुपसून ठेवत आणि पहाटे केळीच्या पानावर मीठ-मिरचीशी खात. हे सांगता सांगता तिने पुतणीचा हात धरून एक वांगे तिच्याकडून सोलून घेतले. पुतणीची बोटे काळी झाली, आणि घरी येईपर्यंत तिने ती कोणाला धुऊ दिली नाहीत.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नाशिकहून बहीण आणि मेहुणे आले होते. त्यांना हेच सगळे दाखवावे म्हणून मोठ्या हौसेने रविवारी दुपारी घेऊन गेलो. वीज होती, क्रिकेटचा सामना चालू होता, आणि हॉलच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही एवढ्या मोठ्या आवाजात लावलेला होता की मेहुण्यांशी बोलायला मला वाकून त्यांच्या कानाशी जावे लागत होते. बाहेरच्या बाजेवर रिकामी क्रेट रचून ठेवलेली होती. ऑर्डर दिल्यावर सात-आठ मिनिटांत ताटे आली आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण वांगे एवढ्या वेळात भाजून होत नाही. भरीत एकजीव, गुळगुळीत आणि गार होते. वरचे तेल तेवढे गरम होते. धुराचा वास नावालाही नव्हता. पात आधीच भरितात मिसळून ठेवल्यामुळे काळवंडली होती. मी उठून मागे गेलो तर भट्टी विझलेली होती. मावशी पुऱ्या लाटत होत्या. मी विचारल्यावर त्यांनी खाली मान घालून सांगितले की रविवारी वांगी सकाळीच भाजून ठेवावी लागतात आणि ठेचायला मिक्सर लागतो, कारण आत बसलेली माणसे थांबायला तयार नसतात.

त्यांच्या या उत्तरावर मी बराच विचार केला. मंगळवारी आम्ही त्याहून कितीतरी जास्त वेळ थांबलो होतो, पण आम्हाला थांबल्यासारखे वाटले नव्हते, कारण समोर जाळ होता आणि बोलायला आई होती. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. आपले वांगे आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून दहाव्या मिनिटाला तो पोऱ्याला हाक मारतो, आणि त्याची हाक बंद व्हावी म्हणून मालक टीव्ही लावतात. टीव्हीने माणूस गप्प बसतो खरा, पण त्याचे लक्ष ताटावरूनही उठते, आणि ताटात काय आले हे कोणी पाहत नाही असे एकदा स्वयंपाकघराला कळले की बडगी बाजूला पडून मिक्सर येतो. आमच्या टेबलाशेजारच्या कुटुंबात आई मुलाला घास भरवत होती आणि मुलाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. त्याने शेवटपर्यंत ताटाकडे पाहिले नाही. आमची पुतणीही त्या दिवशी तशीच जेवली, आणि घरी आल्यावर काय खाल्लेस असे विचारले तर तिला सांगता आले नाही.

टीव्हीबद्दल माझ्या मनात आकस नाही. आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता तेव्हा रविवारी सकाळी सगळी गल्ली त्या ओसरीवर जमायची, पाय ठेवायला जागा नसायची, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यावर तासभर बोलणे व्हायचे. आजही आई संध्याकाळी तिची मालिका पाहते आणि मी सामना पाहतो, ते आमच्या घरात, आमच्या वेळेला. पण आठवड्यातून एकदा सगळे घर मिळून बाहेर जेवायला निघते ते घरापेक्षा काहीतरी वेगळे मिळावे म्हणून. तेथेही वृत्तवाहिनीवरचा आरडाओरडा, मालिकेतले रडणे नाहीतर सामन्याचे समालोचन ऐकत जेवायचे असेल तर तीस किलोमीटर गाडी हाकण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडच्या ढाब्यांपासून वातानुकूलित हॉटेलांपर्यंत हे लोण पोहोचले आहे. शेवभाजीच्या ढाब्यावर ते एक वेळ चालून जाते, कारण रस्सा तयार असतो आणि शेव ऐनवेळी पडते. भरिताचा सगळा जीवच ताज्या भाजण्यात असल्यामुळे तेथे टीव्हीचा दुष्परिणाम थेट चवीत उतरतो.

निघताना मालकांशी बोललो. ते शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे की, टीव्ही बंद ठेवला तर सामन्याच्या दिवशी लोक पुढच्या ढाब्यावर जातात, आणि भरिताचा हंगाम चार महिन्यांचा असल्याने एकही रविवार वाया घालवणे त्यांना परवडत नाही. ही अडचण खरी आहे आणि ती मला मान्य आहे. मी त्यांना एवढेच सुचवले की हॉलमधला टीव्ही राहू द्या, पण शेडमधल्या बाजा रविवारीही मोकळ्या ठेवा आणि तेथे बसणाऱ्याला आधीच सांगा की पाऊण तास लागेल, वांगे तुमच्यासमोर भाजले जाईल. ज्याला घाई आहे तो आत बसेल. त्यांनी मावशींना हाक मारली आणि रविवारी जाळ दुपारीही ठेवता येईल का, असे माझ्यासमोर विचारले. मावशी लगेच हो म्हणाल्या. फक्त पऱ्हाट्या जास्त लागतील, एवढीच अट त्यांनी घातली.

जाणाऱ्यांसाठी बाकीची माहिती अशी. भरीत-पुरीचे ताट १८० रुपयांना आहे आणि पुऱ्या हव्या तेवढ्या वाढतात. मंगळवारच्या जेवणाला हे पैसे कमीच वाटले. वरणबट्टीही मिळते, बट्टी चांगली खमंग तळलेली होती, मात्र वरण फार पातळ होते. हात धुण्याची जागा स्वच्छ आहे. गाडी लावायला बागेच्या कडेला भरपूर जागा आहे, परंतु केळीच्या घडांचे ट्रक त्याच वाटेने ये-जा करतात, म्हणून गाडी वाटेच्या मधोमध उभी करू नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, निघण्याआधी फोन करून वांगी किती लागतील ते सांगावे, आणि गेल्यावर सरळ मागच्या शेडमध्ये जाऊन बसावे.

पार्सल शक्यतो घेऊ नये. गरम भरीत डब्यात कोंडले की त्याला पाणी सुटते आणि पुऱ्या चिवट होतात. घरच्या कोणासाठी न्यायचेच असेल तर भरीत फोडणीशिवाय मागावे, पात, शेंगदाणे आणि खोबरे वेगळे बांधून घ्यावे आणि फोडणी घरी घालावी. मंगळवारी धाकट्या भावासाठी आम्ही तसेच नेले होते. रात्री नऊ वाजता त्याने डबा उघडला तेव्हाही त्याला तुरीच्या काड्यांचा धूर येत होता.